मावशी मध्येच बोलली

कनकांबराला वास नसतो.

दोन बोटं काचेवर टेकवली, की बाई गप्प होते.

कोरमंगलातलं एक पीजी. तिसरा मजला. तोंडाला साबण लावून उभी अकरा मुलं.

'येतो' म्हणून अप्पा कामावर गेले, त्याला सहा वर्षं झाली.

शुक्रवार, संध्याकाळी सहापर्यंत.

—

साबणवाल्या मुलांपासून सुरुवात करू. पंप घरघरून बंद पडला होता, आणि पीजीत सगळ्यात नवा म्हणून तक्रारीचं काम ऋतुराजच्या गळ्यात पडलं होतं. फोन लागला बोम्मसंद्राला, पंपाच्या कारखान्यात. तिथं तक्रारी कस्तुरी घ्यायची. तो हिंदीत मॉडेलचा नंबर सांगत होता, तेवढ्यात तिच्या बाजूने दुसरीच कोणी बाई भरधाव काहीतरी बडबडून गेली.

"अरे बाप्पा," तो स्वतःशीच पुटपुटला, "ही कोण भांडून राहिली?"

कस्तुरीला हसू आवरेना. तिने मराठीतच सांगितलं, की भांडत कोणी नाही, तो तिचा फोन आहे. तिला दिसत नाही, म्हणून स्क्रीनवर येईल ते फोन वाचून दाखवतो. कॉल चालू असला तरी वाचतो. वेळकाळ बघत नाही.

"म्हणजे मावशीच," तो म्हणाला. "आमच्या नागपूरच्या मावशीचं असंच आहे. दोन माणसं बोलायला लागली, की हिचं मध्येच सुरू."

दुपारी मेकॅनिक गेला, पंप चालू झाला. तरी दुसऱ्या दिवशी ऋतुराजचा फोन आला, पंप फार छान चालतोय हे सांगायला. तिसऱ्या दिवशी त्याने पंपाचं नावही काढलं नाही.

पुढे ती इअरफोन लावून बोलायला लागली. मग मावशीचा आवाज त्याला ऐकू येईना. त्याचे शब्द मात्र तिच्या कानात मावशीखाली चेंगरायचे. त्यावर त्यानेच तोड काढली. मावशी सुरू झाली, की कस्तुरीने नुसतं "मावशी" म्हणायचं. तो थांबायचा, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. कंटाळत नसे. हा बोलका फोन हाती आल्यापासून कस्तुरीने लोकांना "काय म्हणालात?" विचारलं होतं, आणि दर वेळी समोरच्याचा बारीकसा उसासा ऐकला होता. याच्याकडे तो उसासा नव्हता... अजून तरी.

कस्तुरीच्या घराण्याला इथं कन्नड मुलखात येऊन साडेतीनशे वर्षं झालेली, त्यामुळे तिच्या मराठीत कन्नड सहज मिसळायचं. त्यातलं 'सरी' त्याने उचललं. सरी म्हणजे बरं, ठीक. सुरावर ते होकार असतं, कंटाळा असतो, 'पुरे आता'ही असतं. एवढं त्याला तिने सांगितलं नव्हतं.

शनिवारी तो बस बदलत बदलत बोम्मसंद्राला यायचा. कारखान्याच्या फाटकासमोर कॉफी व्हायची. रस्ता ओलांडताना तो काही न बोलता कोपर पुढे करायचा. एका शनिवारी त्याने गजरा आणला. तिने नाकाशी नेला. वास नाही.

"कनकांबर," ती म्हणाली. "याला वास नसतो. माहिती नव्हतं?"

त्याने कॉफीचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आमच्याकडे अबोली म्हणतात," तो म्हणाला. "म्हटलं, आपल्यात एक तरी न बोलणारी पाहिजे ना."

तिने गजरा माळला. भीती तेव्हापासूनची. त्याआधी हातातून निसटावं असं काही नव्हतंच.

—

सोमवारी त्याने सांगितलं, की ऑफिस त्याला नागपूरला बदली देतंय. घर जवळ, आईवडील खूश. हो की नाही, ते शुक्रवारी सहापर्यंत कळवायचं. कस्तुरी म्हणाली, "चांगलं आहे की." मग तीन दिवस तिला जेवण गेलं नाही.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. ती व्हरांड्यात गेली. एका हातात ताकाचा स्टीलचा पेला, दुसऱ्या हाताने कठडा घट्ट धरलेला.

"कस्तुरी, ठरलं माझं. मी—"

बॅटरी पंधरा टक्के. कृपया चार्जर जोडा.

"—येतो."

संपलं. तो थांबला होता, उत्तराची वाट बघत. 'मावशी' एवढंच म्हणायचं होतं. तीन अक्षरं. पण तो पुन्हा सांगेल, आणि या वेळी स्वच्छ ऐकू येईल...

"सरी," ती म्हणाली.

"...बस, सरी?"

"स्वल्प काम आहे."

फोन तिनेच ठेवला.

येतो. मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही. जिना उतरताना म्हणतो, येतो. गाव सोडताना म्हणतो, येतो. तिचे वडील, अप्पा, म्हणाले होते, येतो, आणि कारखान्यातूनच त्यांना दवाखान्यात नेलं होतं; घरी ते आलेच नाहीत. रात्रभर ती त्या एका शब्दाला चाचपत राहिली. तो कुठे वर चढला होता, कुठे उतरला होता? ऑफिसात ती दोन आवाज एकदम ऐकायची, त्याचाच पगार घ्यायची. नेमकं तेव्हाच कानांनी दगा दिला. की कानांनी मुद्दामच दिला?

शुक्रवारी सकाळी त्याचा फोन नाही. दुपारीही नाही.

—

पाच वाजून वीस मिनिटांनी तिनेच लावला. घाईत बोट घसरलं, आणि मावशीने आधी दोन भलतीच नावं वाचली.

"बोल," तो म्हणाला. आवाज कोरडा.

"मावशी," कस्तुरी म्हणाली.

"आत्ता?"

"नाही. काल."

ती त्याचे श्वास मोजत राहिली. उसासा आता येईल... आता.

"म्हणजे तू ऐकलंच नाहीस," तो म्हणाला. "आणि मी रात्रभर त्या 'सरी'चा अर्थ लावून राहिलो. नागपूरला होकाराचा मेल लिहून ठेवलाय, कस्तुरी. पाठवायचा बाकी आहे."

"मला फक्त 'येतो' ऐकू आलं. तू येणार की जाणार, तेच..."

"मग ऐक. मी—"

रम्याक्काचा कॉल येत आहे. रम्याक्काचा कॉल येत आहे.

बहीण फाटकाशी स्कूटर घेऊन आली असणार, रोजच्यासारखी.

"मावशी! थांब, थांब—"

तो थांबला. तिने दोन बोटं काचेवर टेकवली आणि दाबून धरली, गरज नसताना.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"पहिल्यापासून सांगतो. मी नागपूरला जात नाही. रविवारी तुमच्या घरी येतो. अम्मांना विचारायला."

"काय विचारायला?"

"मावशी गप्प आहे ना?"

"आहे."

"तर मग... आधी तुलाच विचारतो."

त्याने विचारलं. मध्ये कोणी बोललं नाही. उत्तर 'सरी' नव्हतं. 'हो' होतं, आणि ते तिने दोनदा सांगितलं. पहिलं त्याला ऐकू गेलं नसेल तर, म्हणून.

—

त्या गुरुवारी सकाळपासून कस्तुरीने फोन चार्जिंगला लावला नव्हता. त्याचा कॉल आला, तर वायर काढण्यात वेळ जाऊ नये म्हणून.