सोनूची होडी

संस्कृतीचा पाया शिस्त आणि शिस्तीचा पाया कप्पे, असं रेणुकाचं ठाम मत होतं. हे मत ती मालगुंडला सासरच्या पडवीत, खेळण्यांच्या पिशवीवर बसून मांडत होती, कारण पिशवीची चेन लागत नव्हती.

दोन पोरं घेऊन कोल्हापूर गाठायचं म्हणजे तयारी हवी. सानिकाला रंगवायची वही नि तेलखडू, धाकट्या सोनूला चिकटवायची जनावरं, आंबा घाटासाठी आवळासुपारी आणि प्लास्टिकच्या पिशव्या. सगळ्यांच्या तळाशी सोनूची लाकडी होडी. ती हातात नसली तर सोनू झोपत नसे, आणि मग कोणीच झोपत नसे.

"होडी वर राहू दे गो," सासरे, आप्पा, म्हणाले. "राखणदाराला ठेवायची ना."

आप्पांची उभी हयात पोफळीच्या वीजगृहात नोकरी करण्यात गेली होती. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. फक्त वाडीतलं मूल घाट चढणार असलं, की पाणंदीच्या तोंडाशी राखणदाराच्या दगडाजवळ त्याचं लाडकं खेळणं ठेवायचं, परत आल्यावर उचलायचं. एवढंच.

"तो चाक मोडलेला ट्रक ठेवते."

"नकोसं झालेलं दिलं की कोणालाही कळतं."

"मग काहीच नाही ठेवत. होडी माझ्या पोराची आहे, आप्पा."

आप्पा सुपारी कातरत राहिले. "नको ठेवूस. पण तिथे काही बोलू नको हां. एकटा असतो तो. बोललेलं मनावर घेतो."

चहा होईतो होडी पडवीच्या कठड्यावर आली होती, नाक पाणंदीकडे करून. रेणुकाने हाक मारली तर सानिका न्हाणीघरातून ओरडली, तिच्या डोळ्यांत साबण गेला होता. सोनू बापाच्या मांडीवर दूध पीत होता. रेणुकाने होडी पुन्हा तळाशी कोंबली आणि चेनीला सेफ्टी पिन लावली.

पोहे खाऊन ती बाहेर आली तेव्हा होडी पायरीवर होती. पिन जागच्या जागी. होडीत बोटभर पाणी, पाण्यात बारीक वाळू.

"असं काय," रेणुका म्हणाली. तिने पाणी तुळशीत ओतलं, होडी स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि पर्स खांद्याला अडकवली.

पाणंदीच्या तोंडाशी गाडी बंद पडली. अजिंक्यने दोनदा चावी फिरवली, मग बायकोकडे पाहिलं.

चिऱ्याच्या गडग्यापाशी शेंदूर फासलेला दगड होता. त्याच्या पायाशी एक बाहुली, एक भोवरा, एक रबरी बदक. भोवती पाचोळ्याचा खच, पण खेळण्यांवर धुळीचा कणसुद्धा नव्हता. हवेला ओल्या शेवाळाचा वास येत होता.

रेणुका खाली उतरली. पर्स छातीशी धरून दगडासमोर उभी राहिली.

"हे बघ, होडी मिळायची नाही. एवढंच खेळायचं असेल तर ये आमच्याबरोबर. पण भांडायचं नाही, आणि खडू वाटून घ्यायचे."

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

साखरप्यापर्यंत मागे एकही भांडण झालं नाही. कप्प्यांचा विजय, रेणुकाने मनात म्हटलं.

घाट लागला. तिने आरशात पाहिलं. सानिका एका खिडकीला, सोनू दुसऱ्या खिडकीला. मधली जागा दोघांनी मोकळी सोडली होती. तिथला पट्टा लावलेला होता, ताणलेला.

सीट ओली होती.

रेणुकाने पर्समध्ये हात घातला. बोटांना वाळू लागली, नुसती वाळू.

"आई," सानिका म्हणाली, "एक प्लास्टिकची पिशवी दे ना."

"मळमळतंय का तुला?"

"मला नाही. याला गाडी लागतेय."