भिंतीसकट

तो भिंतीला टेकला आणि तिच्या काळजात धस्स झालं.

"अहो... ओली आहे ती."

तो दचकून बाजूला झाला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. सकाळपासून घोटलेल्या चुन्यावर त्याचा अख्खा खांदा उमटला होता.

वसंतात गावातली जुनी घरं बघायला लांबून लोक यायचे. हा फोटोग्राफर एक दिवस आधीच येऊन टपकला होता. आणि ती गवंड्याची मुलगी. ओसरीची ही भिंत तिने पहिल्यांदाच एकटीने अंगावर घेतली होती. बाबांनी बजावलं होतं, "जमली तर पुढची घरं तुझी. नाहीतर परत माझ्या हाताखाली."

"एवढाच भाग सारखा केला तर?" तो चाचरत म्हणाला.

"चुन्याला ठिगळ चालत नाही. सगळी भिंत एका दमात, एकाच हाताने घोटायची. नाहीतर जोड दिसतो." तिने बाह्या सरसावल्या. "पाणी शिंपडता येतं का?"

"शिकवलंत तर..."

मग तो शिंपडत राहिला, ती गुळगुळीत गोट्याने भिंत घोटत राहिली. अंगणातलं झाड मोहराने भरून गेलं होतं. मधमाश्यांना उसंत नव्हती, आणि या दोघांनाही.

"तुमच्या नाकाला चुना लागलाय," ती म्हणाली.

"तुमच्याही."

"माझा कामाचा आहे."

तो इतका मोकळा हसला, की तिचा हात क्षणभर थांबला... थांबायला नको होता, पण थांबला.

दुसऱ्या दिवशी ओसरी माणसांनी भरली. एका आजींनी भिंतीवरून तळवा फिरवला. "गवंडीदादा, तुमचा हात अजून तसाच आहे हो."

तिने मान खाली घातली. कुठे उंचवटा दिसतो का, ते बाबांनी भिंतीला गाल लावून उन्हाच्या दिशेने एकवार पाहिलं.

"माझा नाही, आजी. माझी भिंत इतकी नितळ कधी झाली नाही. ही माझ्या मुलीची. पुढच्या घरांचं आता तिच्याशीच बोला."

बाबांनी असं कधी कुणाचं कौतुक केलं नव्हतं. तिला अभिमानाने भरून आलं.

लोक पुढच्या घराकडे वळले. तो मात्र तिथेच घुटमळला.

"सगळ्या फोटोंत तूच आलीस," तो म्हणाला. "घरं राहिली कडेला."

'तुम्ही'चं 'तू' झालेलं तिला कळलं. आवडलंही.

"शहरात चल म्हणणार असशील, तर मी येणार नाही," ती म्हणाली. "माझं काम आत्ता कुठे सुरू होतंय." बोलली खरी, पण लगेच मनात आलं — हा आता निघून गेला तर?

"काल तुला काम करताना पाहिलंय मी. मला तू भिंतीसकट आवडतेस. फोटो काय, कुठूनही पाठवता येतात... मीच राहतो इथे."

"पोरी, चल लवकर," पलीकडच्या अंगणातून बाबांची हाक आली. "घरमालक थांबलेत."

तिने त्याचा हात धरला आणि चार माणसांच्या देखत अंगण ओलांडलं.

"हे कोण?" बाबांनी विचारलं.

"मला आवडतो तो," ती ताठ मानेने म्हणाली, आणि घरमालकाकडे वळली. "बोला, कुठली भिंत करायचीय?"