जुना द्या, मग न्या

टॉर्च बंद कर आधी, डोळ्यांवर येतोय. लाइट यायची तेव्हा येईल. आणि मोबाइलवर कार्बोरेटरचे भाव बघून उसासे टाकू नकोस. आजोबांच्या वयाची मोटरसायकल घेताना ह्या काकाला विचारलं होतंस? आता भोग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पण उद्या भंगारवाल्याकडे जाणार असशील, तर एक ऐकून जा. हसू नका रे. माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे होतो.

मित्र पंप दुरुस्त करायचा. सगळे त्याला पंपवालाच म्हणत. मोटरसायकल वडिलांची; ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. वहिनींच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. दिवसाआड डायलिसिस, तेही शहरात, भल्या पहाटे. त्या वेळेला बस नाही. येताना वहिनींना ग्लानी यायची, म्हणून तो एक सुती ओढणी दोघांच्या कमरेभोवती गुंडाळायचा आणि गाठ पुढे, स्वतःच्या पोटावर मारायचा. हाताला लागेल अशी. वहिनी म्हणायच्या, "मी पळून जाईन म्हणून बांधता की काय?"

अशात कार्बोरेटर तडकला. पेट्रोल गळायचं, इंजिनाला धाप लागायची. डुप्लिकेट आणला, तो आठवडाभरही टिकला नाही. ओरिजिनलचे भाव तुझ्यासारख्या हौशी लोकांनी आभाळाला भिडवलेले. शेवटी त्याने पंपाचं वाइंडिंग करायचं मशीन विकलं. ज्यावर पोट चालतं तेच विकलं, कळतंय का? तोपर्यंत डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकल्या होत्या.

शहराच्या वाटेवर एक भंगारवाला होता. त्याच्याकडे तशीच एक गाडी उभी होती, अपघातातली. कार्बोरेटर शाबूत. पण त्याचा एक नेम होता: जुना द्या, मग न्या. ज्या गाडीतून पार्ट काढायचा, तिच्यातच गिऱ्हाईकाचा मोडका बसवायचा आणि बोल्ट आवळायचे. उघड्या तोंडाचं इंजिन तो रात्रभर ठेवायचा नाही.

जुना कार्बोरेटर पंपवाल्याच्या पिशवीतच होता. पण मनात आलं, हा एक मिळवताना जीव मेटाकुटीला आला. जुना जोडून ठेवला तर अडीअडचणीला होईल. आपल्यासारख्या कारागिरांची खोड ही, मोडकं टाकवत नाही.

"घरी राहिला," तो म्हणाला. "उद्या आणून देतो."

भंगारवाल्याने पार्ट काढून त्याच्या हातात दिला. मग म्हणाला, "नक्की आणा. ह्या गाडीवरची बाई रात्री मागच्या मागे पडली. नवऱ्याला घरी पोचल्यावर कळलं, मागे कोणी नाही. बाई गेली. गाडी त्याने इथे टाकली, पुन्हा फिरकला नाही."

पंपवाल्याने मान हलवली आणि टेम्पोत बसून घरी आला. पार्ट बसवला. एका किकमध्ये गाडी चालू. वहिनी दारात येऊन किती दिवसांनी हसल्या. जुना कार्बोरेटर त्याने डिकीत टाकला.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार तो. मध्यरात्र उलटली आणि वहिनींना श्वास घेता येईना. अँब्युलन्सला फोन केला. "निघालीय," म्हणाले. तासभर ती निघतच होती. शेवटी त्याने वहिनींना उचलून गाडीवर बसवलं, ओढणी गुंडाळली, पोटावर गाठ मारली आणि निघाला.

गाडी सुरेख चालली होती. मग हळूहळू जड झाली. चढ नव्हता. तरी जड. जणू मागे आणखी कोणी बसलंय.

भंगारवाल्याचं फाटक आलं... आणि इंजिन बंद.

किक मारली. पुन्हा मारली. पेट्रोल होतं, प्लगला स्पार्क होता. मागे वहिनींची मान त्याच्या खांद्यावर लटकत होती. तो रडायला लागला. मोठा बाप्या माणूस, रस्त्यात उभा राहून ढसाढसा रडला.

मग त्याला डिकी आठवली.

गाठ सोडली. वहिनींना फाटकाजवळच्या दगडाला टेकवून बसवलं. कडी नुसतीच लावलेली होती. डिकीतला जुना कार्बोरेटर घेऊन तो आत शिरला.

अंधार. पत्रे. ती गाडी...

तिच्या इंजिनाच्या उघड्या तोंडातून आवाज येत होता. वारा आत ओढल्यासारखा. मग बाहेर. मग आत.

बाहेर वारा नव्हता.

तो गाडीपाशी गुडघ्यावर बसला. जुना कार्बोरेटर लावला. एक बोल्ट. दुसरा बोल्ट. हातानेच आवळला.

आवाज थांबला.

तो धावत बाहेर आला. वहिनी दगडापाशी नव्हत्या.

वहिनी गाडीवर बसल्या होत्या. मागच्या सीटवर. ताठ.

"बरं वाटतंय का गं?"

...

त्याने जास्त विचारलं नाही. पुढे बसला. कमरेभोवती ओढणी आवळल्यासारखी वाटली. एका किकमध्ये गाडी चालू. शहर येईपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही. वळायची हिंमतच नव्हती, असं तो मला म्हणाला.

हॉस्पिटलच्या दारात वॉर्डबॉय धावत आले. एकाने वहिनींची नाडी बघितली आणि ओरडला, "अहो, ह्या पूर्ण बेशुद्ध आहेत! कधीपासून?"

वाचल्या हो. अजून आहेत, परवाच फोनवर बोललो. पंपवाल्याला दुसरं मशीन मिळवून दिलं आम्ही मित्रांनी.

पण मी सकाळी हॉस्पिटलात पोचलो, तेव्हा भंगारवाला तिथे आला होता; गाडीला बसवलेला मोडका कार्बोरेटर बघून रात्री कोण येऊन गेलं ते त्याने ओळखलं होतं. त्याच्या हातात वहिनींची ओढणी होती. दगडापाशी पडलेली मिळाली म्हणे. घाईत पंपवाल्याने ती परत बांधलीच नव्हती.

मग दोघांना कशाने बांधलं होतं?

नर्सने ते मला दाखवलं. विटलेलं, जुनं लुगड्यासारखं कापड, डांबरी खडी रुतलेलं. गाठ सुटेना म्हणून त्यांनी ते कात्रीने कापलं होतं. मी विचारलं, गाठ माझ्या मित्राच्या पोटावर होती ना?

नर्स म्हणाली, "नाही. बाईंच्या पाठीमागे होती."