मफिनचा हिवाळी कोट

हॅमस्टरला पाण्याने आंघोळ घालत नाहीत. बारीक वाळूची ताटली ठेवायची, तो आपला आपण लोळतो. मग जुन्या मऊ टूथब्रशने पाठ विंचरायची. आर्डिस टोलेफसनला हे सगळं सत्तरी ओलांडल्यावर, आठ वर्षांच्या नातीकडून, मार्नीकडून, शिकावं लागलं. स्वतःची मुलगी वाढवताना एवढे लाड झाले नव्हते.

उत्तरेकडच्या डुलूथ गावात डिसेंबरात सूर्य मस्टरवर सही करायला आल्यासारखा येतो आणि चहाच्या आधीच निघून जातो. मार्नी रोज पिंजऱ्यापुढे बसायची. तिचा हॅमस्टर मफिन करडा होता, पाठीवर काळी रेघ. दिवस लहान झाले की ही जात पांढरी होते, असं तिने शाळेत वाचलं होतं.

"एक केस बदललेला नाही, आजी. तू दिवे फार वेळ ठेवतेस."

"मग अंधारात स्वयंपाक करू?"

"आई करायची."

मार्नीची आई, म्हणजे आर्डिसची मुलगी, मागच्या फेब्रुवारीत गेली होती, आणि आर्डिसने दोन दिवस 'आई दवाखान्यात झोपली आहे' असं सांगून वेळ काढला होता. कळल्यावर पोर रडली नाही. "परत खोटं बोललीस तर तुझ्याशी कधीच बोलणार नाही," एवढंच म्हणाली. वडील अलास्कात होते; अलास्का बरंच मोठं आहे. घरात बोलायला या दोघीच.

आणि मार्नी शाळेत असताना एका सकाळी मफिन पिंजऱ्यातल्या चाकाखाली ताठ होऊन पडलेला सापडला.

आर्डिसने त्या गल्लीतल्या कुठल्याही आजीने केलं असतं तेच केलं. मफिनला रुमालात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात घातलं आणि डबा गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये, हरणाच्या मांसाखाली सारला. एप्रिलपर्यंत गोठलेल्या जमिनीत कुदळ शिरत नाही. तिथली बरीच मेलेली कुत्री-मांजरं अशीच पुरलं जाण्याची वाट बघतात. मग ती गाडी काढून दुकानात गेली.

"करडा नाही," दुकानदार रसेल म्हणाला. "हा एकच उरलाय." पांढराशुभ्र.

"उन्हाळ्यात करडा होईल ना?"

"नाही हो. याचा रंगच पांढरा, मरेपर्यंत. नातीसाठी का? सगळ्या आज्या येतात. मासे पाळणारी मुलं बरी, मासा बदलला तरी पत्ता लागत नाही."

संध्याकाळी मार्नी पिंजऱ्यापुढे बराच वेळ उभी राहिली.

"आजी, हा बदलला."

"दिवस लहान झाले ना."

"एका दिवसात?"

"थंडीही फार पडली."

इतकं गचाळ खोटं बोलल्याची आर्डिसला लाज वाटली. मार्नी "बरं" म्हणाली आणि तिने ब्रश घेतला.

मार्चमध्ये ब्रशला पांढरे केस यायला लागले. खालून करडे दिसत होते. आर्डिसने दुकानात फोन केला.

"शक्यच नाही," रसेल म्हणाला. "चष्मा तपासून घ्या, बाई."

तिने चष्माही तपासून घेतला. नंबर तोच होता. मग पाठीवर काळी रेघ उमटली. मग डाव्या कानाला खाच पडली, मफिनला पिंजऱ्याच्या तारेने पडली होती तशीच. त्याबद्दल तिने फोन केला नाही. दमलेलं माणूस बऱ्याच गोष्टी जाऊ देतं.

एप्रिलमध्ये माती मऊ झाली. मार्नी शाळेत गेल्यावर आर्डिस खुरपी घेऊन गॅरेजमध्ये आली. डबा काढला, रुमाल सोडवला.

आत पांढरा हॅमस्टर होता.

मुळापासून पांढरा. पंजेसुद्धा. डाव्या कानाला खाच. हिवाळ्यात येतात तसे दाट, मऊ केस.

"तिथे अंधार असतो ना, म्हणून," मागून मार्नी म्हणाली. शाळा अर्ध्या दिवसात सुटली होती.

आर्डिस उलट्या बादलीवर बसली. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"जानेवारीत आइस्क्रीम शोधत होते. तेव्हा नुसतं पोट पांढरं झालं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुझ्याशी बोलणं बंद करावं लागलं असतं. मग कुणाशी बोलू?"

आर्डिसने चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"आता एक विचारू? खरं सांग."

"सांगेन."

"आईला पुरलं त्या पेटीत उजेड जातो?"

"नाही."

मार्नीने विचार केला. "म्हणजे तिचे केस पांढरे झाले असतील."

माणसांचं असं नसतं, बाळा. गेलेल्यांचं तर नाहीच. सगळं जिभेवर तयार होतं. तळहातावर मफिन होता.

"असतील," आर्डिस म्हणाली.

मार्नीने समाधानाने मान हलवली. दारातून ऊन थेट आतपर्यंत आलं होतं.

"हल्ली दिवस किती मोठे झालेत," ती म्हणाली. मग तिने आजीच्या हातातल्या खुरपीकडे पाहिलं, "आईपर्यंत ही पुरणार नाही" म्हणाली, आणि भिंतीवरचं मोठं फावडं काढायला स्टूल ओढलं.