शेवटच्या कडव्यातलं नाव

सिंगापूरमधल्या वुडलँड्सच्या बाराव्या मजल्यावरच्या घरात शनिवारी दुपारी तीनलाच आभाळ इतकं काळवंडलं, की ललितानं दिवा लावला आणि मग आत्याची कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली. काम साधंच होतं. दुसऱ्या दिवशी जयंतीच्या कार्यक्रमात आत्याचं गाणं म्हणायचं होतं, त्याचे शब्द उतरून घ्यायचे.

आत्या म्हणजे राणीबाई, आता हयात नसलेली. गायन पार्टीत बायकांनी मागं उभं राहून फक्त झील धरायची, त्या काळात ती गाणी रचायची. रिवाज असा, की शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव यावं. पण तिथं नाव यायचं पार्टीच्या शाहिराचं. पुढं त्यानंच खटपट करून ललिताला होस्टेल मिळवून दिलं. “नाव त्याचंच राहू दे,” आत्या म्हणायची, “पोरगी शिकू दे.” पोरगी शिकली, थेट सिंगापूरच्या लॅबमध्ये लागली. आत्याचे हे उपकार फिटणारे नव्हतेच, निदान जिचं नाव तिला परत द्यावं, एवढंच ललिताच्या मनात होतं. तिचं स्वतःचं नावही आत्यानंच तर ठेवलेलं, बारशाचा मान म्हणून.

टेप सुरू झाली. ढोलकी, मग आत्याचा खरखरीत आवाज. शेवटचं कडवं आलं तशी ललिता बरोबरीनं गाऊ लागली, आणि लहानपणापासूनच्या सवयीनं तोंडातून शाहिराचंच नाव निघून गेलं.

ढोलकी थांबली. कॅसेट मात्र फिरत होती. घरात भाजलेल्या मिश्रीचा वास आला, आत्याच्या पदराला यायचा तसा.

“आई...” तिची सात वर्षांची मुलगी मित्रा दारातून हळूच, शाळेतल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, “किचनमध्ये एक आंटी बसलीय. शी इज वेटिंग, लाह.”

ललितानं मित्राला जवळ ओढलं. तिनं वळून पाहिलं नाही. डोळे मिटून कडवं पुन्हा धरलं. “राणी म्हणे...” पुढं हुंदकाच आला. “आत्या, तुझ्यामुळंच गं सगळं...”

स्वयंपाकघरात टाळी पडली. एक... दोन... आणि टेपमधली ढोलकी त्याच तालावर परत आली. भीती होतीच, पण त्याहून जास्त बरं वाटलं. कडवं लिहून घ्यायला ललितानं टेप मागं नेली.

आता तिथं शाहिराचं नाव नव्हतं. राणीचंही नव्हतं. तोच खरखरीत आवाज स्वच्छ म्हणत होता, “ललिता म्हणे...”

तिनं कॅसेटचं कव्हर उचललं. त्यावर आत्याच्या अक्षरात गाणं भरल्याची तारीख होती, ललिताच्या जन्माआधी तीन वर्षांची, तिचं नाव ठेवायच्याही आधीची. आणि आत टाळी अजून थांबली नव्हती.