दुसरा हात

काचीगुड्याच्या एका छोट्या दवाखान्यात मी इको करते. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं हृदय पडद्यावर बघायचं, कुठला भाग आकसतोय, कुठला निपचित पडलाय ते डॉक्टरांना कळवायचं, एवढंच माझं काम. पडदा नीट दिसावा म्हणून आमची खोली भर दुपारीही अंधारी असते. त्या अंधाराची मला कधी भीती वाटली नव्हती.

त्या दिवशी जेवणानंतर मुकुंदराव आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, हडकुळे, अबोल. महिन्यापूर्वी अफझलगंजला बसची वाट बघताना कोसळले होते. सोबत पत्नी, रंजनाबाई. दोघं मूळचे नांदेडकडचे. मीही नांदेडकडची आहे म्हटल्यावर त्यांना जरा धीर आला. बायपास करून उपयोग होईल का, हे आजच्या तपासणीवर ठरणार होतं. रंजनाबाईंना बाहेर बसवून मी दार लोटलं.

मुकुंदरावांना डाव्या कुशीवर निजवलं, छातीला जेल लावून प्रोब टेकवला. मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती. पडद्यावर हृदय उमटलं. मागची भिंत कशीबशी आकसत होती. पुढची मात्र पातळ, पांढुरकी, निश्चल. मेलेली. बाहेर बसलेल्या बाईंना आता काय सांगावं, हेच माझ्या मनात घोळू लागलं.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "दुसरा हात काढा. लई गार आहे."

माझा उजवा हात प्रोबवर होता. डावा मशीनच्या बटणांवर.

जेलच गार असतं, असं मी सांगितलं. ते मान वाकवून आपल्या छातीकडे बघत राहिले. मी पडद्याकडे वळले, तर ती मेलेली भिंत हलत होती. एका जागी खोल दबायची, सुटायची, पुन्हा दबायची. आतून आकसल्यासारखी नाही... बाहेरून कुणी बोटांनी चेपावी तशी. आणि खोलीत मुसी नदीकाठी येतो तसा साचल्या पाण्याचा वास भरू लागला.

"काढा ना..." मुकुंदराव कुजबुजले.

"काढते," मी म्हणून गेले. का म्हणाले, मलाच ठाऊक नाही.

दबणं थांबलं. पाठोपाठ मागची भिंतही मंदावली. पडद्याखालची ईसीजीची रेघ लांबत गेली, सपाट झाली. मुकुंदरावांचे डोळे फिरले. कुणाला हाक मारायच्या आधीच माझ्या तोंडून निघालं,

"नको... राहू दे. राहू दे तिथंच."

रेघ एकदा उसळली. मग पुन्हा.

दिवा लावला तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो.

पुढची भिंत हलते, असं मी कळवलं. खोटं नव्हतं ते. बायपास झाली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी नंतर मला विचारलं, की तो भाग तर निव्वळ व्रण होता, तुम्हाला हलताना दिसला कसा? 

परवा दोघं पुन्हा दाखवायला आले होते. मुकुंदराव जिना चढून आले. हृदय छान चाललंय. ते पुढे गेल्यावर रंजनाबाई माझ्यापाशी रेंगाळल्या.

"हौ, तब्येत बरी आहे त्यांची," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "एकच आहे... झोपेत कण्हायला लागले की मी छातीवर हात ठेवायला जाते. ते माझा हात सारतात. म्हणतात, इथं जागा नाही."