विल्यमच्या निबंधातली पेज

कर्णिक सरांच्या खोलीच्या दारात सुलक्षणा राऊळ आणि नंदकुमार प्रधान एकमेकांवर आदळता आदळता वाचले. दोघंही एकदम "सॉरी" म्हणाले आणि दोघांनीही दुसऱ्याला "आधी तुम्ही" अशी खूण केली. सभ्यपणा नव्हता हो तो, निव्वळ भीती. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी इंग्रजीच्या सरांचं बोलावणं आलं होतं.

सन छप्पनची गोष्ट. अंधेरीच्या कॉलेजात फर्स्ट इयरला आलेली ही मुलं इंग्रजी शिकली ती आठवीपासून, तीही मराठीतून. आणि इथे आल्यावर इतिहाससुद्धा इंग्रजीत! मग करायचं काय? निबंध पाठ करायचे. सगळेच करत. त्यात काही चुकतंय असं कोणाला वाटत नसे, उलट घरी कौतुक होई.

सरांनी दोघांचे सहामाही परीक्षेचे पेपर शेजारी शेजारी मांडले होते. ते सहसा मराठी बोलत नसत. आज बोलले, तेव्हाच प्रकरण गंभीर आहे हे सुलक्षणाने ओळखलं.

"मिस राऊळ, विल्यम तुमचा सख्खा भाऊ का?"

"नाही सर."

"इथे तसं लिहिलंय. हिवाळ्यात नदी गोठली आणि तुमचा भाऊ विल्यम बर्फावरून घसरून पडला. मिस्टर प्रधान, तुमचाही भाऊ विल्यम. तुमच्या बोरिवलीला कुठली नदी गोठली म्हणे?"

नंदकुमारने मान खाली घातली. त्याचे कान मात्र लाल झाले.

"निबंध पुस्तकातला आहे, हे मला कळतं," सर म्हणाले. "पाठ केलात, त्याचे शून्य. पण यात एक वाक्य आहे. मुलगा घरी येतो, आणि 'आईने काही विचारलं नाही. गरम पेज तेवढी पुढ्यात ठेवली.' इंग्लंडमधल्या विल्यमची आई पेज वाढत नाही. हे वाक्य तुमच्यापैकी एकाचं आहे आणि दुसऱ्याने ते परीक्षेत बघून लिहिलं. नंबर लागून होते. प्रधान पुढे, राऊळ मागे. मागच्याला पुढचं दिसतं, मिस राऊळ."

सुलक्षणाची वाचाच बसली. वाक्य तिचं होतं. पण ते या मुलाच्या पेपरात आलं कसं? नक्कल म्हणजे कॉलेजातून नाव कमी. वडिलांनी गिरणी सोडून अंधेरीला छोटं दुकान टाकलं होतं, आणि 'आमची मुलगी कॉलेजात' हे दर गिऱ्हाइकाला ऐकावं लागे.

"मी बघून लिहिलं, सर," नंदकुमार म्हणाला.

"काय?"

"वळून पाहिलं. वाक्य त्यांचं आहे."

सरांनी त्याचा पेपर बाजूला काढला. मग म्हणाले, "ठीक. शनिवारी प्रिन्सिपॉलसाहेबांना कळवतो. मिस राऊळ, तुम्ही जा."

ती बाहेर आली आणि दारापाशीच थबकली. कारण परीक्षेचे तीन तास तिच्यासमोर त्या मुलाची पाठ होती. शब्द आठवेना की ती त्याच्या रफू केलेल्या कॉलरकडे बघत बसायची. कॉलर एकदाही वळली नव्हती. हा मुलगा धडधडीत खोटं बोलला होता... आणि तेही तिच्यासाठी, जिच्याशी उभ्या आयुष्यात एक 'सॉरी' सोडून दुसरा शब्द बोलला नव्हता!

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "ताप इलो काय गो तुका?"

"नाही गं आई."

"मगे अशी भूत बघल्यासारखी काय करतंस?"

आता आईला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी ती तडक लायब्ररीत गेली. फर्स्ट इयरच्या मुलांना पुस्तक घरी मिळत नसे. पुस्तकाच्या कार्डावर नाव-तारीख लिहायची आणि तिथेच टेबलावर बसून वाचायचं. निबंधांचं ते जुनं पुस्तक तिने पुन्हा मागून घेतलं. विल्यमच्या पानाला कसर लागून शेवटची एक ओळ पार नाहीशी झाली होती. पाठ करताना तिथे दरवेळी अडखळायला होई, म्हणून सप्टेंबरात तिने समासात पेन्सिलने आपलीच एक इंग्रजी ओळ लिहून टाकली होती. तीच ती पेजेची. बाकी निबंध तोंडपाठ करायला तीन आठवडे लागले. ही ओळ मात्र एका झटक्यात सुचली होती.

मग तिने कार्ड पाहिलं आणि खुर्चीतच खिळली.

राऊळ. प्रधान. राऊळ. प्रधान. राऊळ. प्रधान. सोमवारी ती, मंगळवारी तो. बुधवारी ती, गुरुवारी तो. असं पार खालपर्यंत.

"हा प्रधान रोज यायचा का हो?" तिने शिपाई धोंडूमामांना विचारलं.

"येवचो काय, तो बसूनच असायचो. त्या खांबामागे. तू नाय बघलंस?"

तिने नव्हतं बघितलं. आता ती उठून त्या खांबामागे जाऊन बसली. तिथून तिची नेहमीची खुर्ची सरळ समोर दिसत होती.

पण शनिवार उद्यावर आला होता. सरांसमोर बोलायला गेलं तर पुन्हा वाचा बसणार. म्हणून ती तिथेच लिहायला बसली. इंग्रजीत. सर वर्गात नेहमी सांगत, आधी आपलं म्हणणं मांडा, मग पुरावा द्या, मग त्यातून काय निघतं ते सांगा. तिने ते वहीत उतरवून घेतलं होतं, पण त्याचा अर्थ काही डोक्यात शिरला नव्हता. आज शिरला. म्हणणं – मिस्टर प्रधान निर्दोष आहेत. पुरावा – हे पान, हे कार्ड. त्यातून निघतं ते – लायब्ररीच्या पुस्तकात लिहिण्याचा गुन्हा माझा आहे. एका पानाला दोन तास लागले. डिक्शनरी सोडून कोणाची मदत नाही. लिहून झाल्यावर तिला स्वतःचाच धक्का बसला.

शनिवारी सरांनी ते पान दोनदा वाचलं. नंदकुमार कोपऱ्यात उभा होता. धोंडूमामांनी आणून ठेवलेलं पुस्तक आणि कार्ड टेबलावर बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"अकरा चुका आहेत," सर म्हणाले. "पण फर्स्ट इयरच्या मुलाने आपल्या मनाने लिहिलेलं पानभर इंग्रजी मी या वर्षी पहिल्यांदा वाचतोय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "नक्कल झालेली नाही. निबंधाला दोघांना शून्य, ते शून्यच. दर बुधवारी दोघांनी आपापलं एक पान लिहून आणायचं. आणि मिस राऊळ, पुस्तक खराब केल्याबद्दल वार्षिक परीक्षेपर्यंत तुम्हाला लायब्ररी बंद."

दुसरं काहीही चाललं असतं. तिच्या घरी पंचांगापलीकडे छापील पान नव्हतं. तरी ती "येस सर" म्हणाली आणि फाटकाबाहेर रस्त्यावर आली.

नंदकुमार मागोमाग धावत आला. "कशाला सांगितलंत? लायब्ररी बंद होऊ नये म्हणून तर मी..."

"म्हणून तुम्ही कॉलेज सोडून घरी बसणार होतात? शहाणे आहात."

"तेवढा विचार नव्हता केला."

"ते दिसलंच. आणि माझी ओळ पेपरात कशी आली?"

तो थांबला. पलीकडे वेसाव्याच्या दोन कोळणी रिकाम्या पाट्या डोक्यावर घेऊन हसत चालल्या होत्या. त्या पुढे जाईपर्यंत तो हातातल्या वह्यांचे कोपरे जुळवत राहिला.

"आधी पुस्तकासाठीच यायचो," तो म्हणाला. "मग समासात ती ओळ दिसली. दोन महिने इंग्रजी वाचत होतो, पण त्या एका ओळीपाशी घरी आल्यासारखं वाटलं. कार्डावर नाव बघितलं. मग तुम्हाला बघितलं... ओठ हलवत पाठ करताना. परीक्षेत बाकीचं आठवून आठवून लिहावं लागलं. ती ओळ कधी लिहिली गेली, कळलंच नाही."

"इतके दिवस खांबामागे बसलात, आणि एक शब्द बोलला नाहीत?"

"धीर झाला नाही."

"सरांसमोर खोटं बोलायला झाला तो?"

सुलक्षणाने उन्हाची छत्री या हातातून त्या हातात घेतली, एकदा कॉलेजच्या फाटकाकडे पाहिलं, आणि सरळ म्हणाली, "मला तुम्ही आवडता."

नंदकुमारच्या हातातली वह्या-पुस्तकं रस्त्यावर पडली. ती उचलायलाही तो वाकला नाही. धक्के खाऊन खाऊन तीन दिवस हैराण झालेल्या सुलक्षणाला, दुसऱ्या कोणाला तरी धक्का बसलेला बघून फार बरं वाटलं.

"हे..." तो म्हणाला. "हे बुधवारच्या पानावर लिहाल? सरांना नाही. मला द्यायला."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

"चुका होतील."

"होऊ देत," तो म्हणाला. "मी एकही दुरुस्त करणार नाही."